अंधुक गॅमा स्फोट: फक्त बघण्याच्या कोनाचा प्रश्न नाही

काही जण म्हणतात की अंधुक गॅमा स्फोट म्हणजे नेहमीचेच जीआरबी (गॅमा किरणांचे स्फोट), फक्त त्यांचा जेट, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यातून सुटणारा अतिवेगवान झोत, आपल्याकडे रोखलेला नसतो म्हणून मंद दिसतात. काहींच्या बाबतीत असेलही, पण मग जेटचा वेग कमी होत गेला की त्याचा प्रकाश पसरून आपल्यापर्यंत पोचायला हवा आणि रेडिओत उशिरा का होईना पण उजळी दिसायला हवी. अशाच एका अंधुक स्फोटासोबत दिसलेल्या १९९८ बीडब्ल्यू या सुपरनोव्हाकडे (ताऱ्याच्या स्फोटाकडे) वर्षानुवर्षं रेडिओ दुर्बिणी लावून बसले लोक, तसलं काही सापडलं नाही.

मला जास्त पटतं ते १८ फेब्रुवारी २००६ च्या स्फोटावरून. स्विफ्ट उपग्रहाने तो पकडला, जवळजवळ अर्धा तास चालला, एकच संथ चढउतार, नेहमीसारखी टोकदार धडधड नाहीच, आणि क्ष-किरणांत साधारण २० लाख केल्विनच्या तापलेल्या वायूची खूण मिळाली जी पुढे थंड होत अतिनीलमध्ये सरकली! म्हणजे जेट बहुतेक ताऱ्याच्या बाहेरच्या आवरणातच गुदमरला आणि धक्कालहर ताऱ्याभोवतीच्या दाट वायूतून फुटून बाहेर येतानाचा उजेड आपण बघितला. शिवाय असे स्फोट अंधुक असल्याने जवळचेच दिसतात, तरी सापडतात, म्हणजे विश्वात ते तेजस्वी जीआरबींपेक्षा बरेच जास्त होत असणार.