संरक्षित वस्तीतील जुन्या घराला नवी खोली जोडताना: आधी ओल की आधी नकाशा?

प्रश्न

आमचे घर शंभर वर्षांहून जुने आहे. ते स्वतंत्रपणे वारसा यादीत नाही, परंतु ज्या वस्तीत ते उभे आहे ती संपूर्ण वस्ती संरक्षित असल्याने बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक बदलाला मंजुरी घ्यावी लागते. भिंती विटांच्या असून चुन्यात बांधलेल्या आहेत आणि वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर आहे. आईला आता जिना चढवत नाही, म्हणून मागच्या अंगाला तळमजल्यावर न्हाणीघरासह एक खोली आणि जमल्यास तिच्यावर आणखी एक खोली बांधावी, असा आमचा विचार आहे.

आमच्या वास्तुविशारदांनी नवा भाग हुबेहूब जुन्यासारखा दाखवला होता: त्याच कमानी, तसेच नक्षीदार कठडे, छपराची तीच उंची. मंजुरी देणाऱ्या समितीने तो प्रस्ताव परत पाठवला आणि नवे बांधकाम जुन्यापासून वेगळे ओळखू यावे, असा शेरा दिला. वस्तीचे रूप जपायचे असेल तर जुन्यासारखे बांधणेच योग्य नव्हे काय? दुसरी अडचण ओलीची आहे. तळमजल्याच्या भिंतींना कमरेपर्यंत ओल असून पोपडे सुटतात. जुना गिलावा खरवडून सिमेंटचा गिलावा करावा आणि वर जलरोधक रंग द्यावा, असे कंत्राटदाराचे म्हणणे आहे. यांतले आधी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करते. आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसरा अधिक तातडीचा आहे, म्हणून तो आधी घेते आणि कळकळीची विनंती करते की सिमेंटच्या गिलाव्याला तूर्त संमती देऊ नये.

चुन्यात बांधलेली भिंत पाणी अडवत नाही. ती पाणी थोडे आत घेते आणि हवा लागली की बाहेर सोडते. विटेपेक्षा दोन विटांमधला चुन्याचा सांधा मऊ आणि अधिक सच्छिद्र असल्याने ओल बहुतांशी सांध्यांतून बाहेर पडते, आणि झिजायचेच झाले तर आधी सांधा झिजतो, वीट शाबूत राहते. सांधा पुन्हा भरता येतो, वीट पुन्हा घडवता येत नाही. अशा भिंतीवर सिमेंटचा कठीण, घट्ट थर चढवला की ओल आत कोंडते, सुकण्यासाठी वाट शोधत आणखी वर चढते आणि कमरेची ओल खांद्यापर्यंत जाते. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागामागे स्फटिकरूपाने साचतात आणि विटेचे तोंडच उडवून लावतात. सिमेंटमधल्या विद्राव्य क्षारांची त्यात भरच पडते. एका घरात असा सिमेंटचा गिलावा उतरवताना मी स्वतः पाहिले आहे: थर अखंड पत्र्यासारखा निघाला, त्याच्या पाठीला विटांचे तांबडे पापुद्रे चिकटलेले होते, आणि भिंतीत उरलेली वीट बोटाने घासली तरी तिची भुकटी होत होती. बाहेरून ती भिंत दोन वर्षे अगदी कोरडी दिसली होती.

म्हणून आधी पाणी येते कोठून, ते शोधावे. पन्हळीचा फुटलेला सांधा, जोत्यालगत वर्षानुवर्षे चढत गेलेली जमीन किंवा फरसबंदी, भिंतीला चिकटून केलेले काँक्रीट, गळती लागलेले जुने गटार, यांपैकी एखादे कारण बहुधा सापडते. बाहेरची जमीन आतल्या जमिनीहून वर आली असेल तर ती उतरवावी आणि पाण्याचा निचरा घरापासून दूर न्यावा. त्यानंतर भिंतीला सुकू द्यावे, आणि जाड भिंतीला सुकायला महिने नव्हे, कधीकधी वर्षही लागते. मग चुन्याचा गिलावा पातळ थरांत करावा. एक थर साधारण १० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि तो कडक ऊन व वारा यांपासून झाकून ओलसर ठेवावा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो; घाईने वाळवला तर तो भुसभुशीत राहतो. रंगही बाष्प बाहेर जाऊ देणारा हवा, म्हणजे चुन्याची सफेदी किंवा खनिज रंग. जलरोधक रंगाने सिमेंटच्या थराचाच दोष पुन्हा ओढवतो.

आता समितीच्या शेऱ्याविषयी. तो कोणाची लहर नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेचे, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजाचे, म्हणणे असे आहे की गहाळ भागांच्या जागी बसवलेले नवे भाग एकूण रचनेशी जुळावेत, पण मूळ भागांपासून वेगळे ओळखू यावेत, म्हणजे दुरुस्तीमुळे वास्तूच्या इतिहासाची साक्ष खोटी ठरत नाही. जोडबांधकामांबाबत त्याच सनदेची अट आहे की त्यांनी वास्तूच्या लक्षणीय भागांना, तिच्या समतोलाला आणि परिसराशी असलेल्या नात्याला बाधा आणू नये. हुबेहूब नक्कल पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला घराच्या वयाबद्दल फसवते, आणि ती थोडी जरी फसली तरी शेजारची अस्सल कमानही नकली वाटू लागते.

प्रतिसाद २

मी संरचना अभियंता आहे. वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त पायाविषयी लिहितो, कारण नकाशात तो दिसत नाही आणि सर्वांत महाग चूक तेथेच होते.

जुन्या घरांचे पाये पुष्कळदा उथळ असतात आणि त्यांच्याखालची माती शतकभरात दबून स्थिरावलेली असते. नव्या खोलीचा पाया मात्र बांधल्यानंतर खचायला सुरुवात करतो. दोन्ही भिंती एकमेकींत घट्ट गुंफल्या तर हा फरक नेमका जोडावर भेगेच्या रूपाने बाहेर येतो. म्हणून नवा भाग आपल्याच पायावर, आपल्याच भिंतींवर उभा करावा आणि दोहोंमध्ये हालचालीसाठी सांधा सोडावा. जुन्या भिंतीला भार न देता तिला नुसते टेकलेले बांधकाम पुढे कधी काढावे लागले तरी जुने घर सुखरूप राहते. नव्या पायाचा चर जुन्या पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नये. नेणे भागच असेल तर तो लहान लहान टप्प्यांत आणि अभियंत्याच्या देखरेखीखाली खणावा. खणताना जुने अवशेष लागले तर संरक्षित क्षेत्रात काम थांबवावे लागू शकते, याची तयारीही वेळापत्रकात असू द्यावी.

वरच्या खोलीचा भार जुन्या तुळयांवर देण्याचा मोह मात्र टाळावा. तुळई मधोमध क्वचितच बिघडते. ती बिघडते भिंतीत शिरलेल्या टोकाला. आपल्या भिंती ओल्या आहेत, तेव्हा प्रत्येक टोक उघडून पाहणे आवश्यक आहे. लाकडातली आर्द्रता दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. साधा स्क्रूड्रायव्हर टोकात दाबून पाहावा. वरून रंग चकचकीत असतानाही तो लोण्यात जावा तसा चार बोटे आत गेलेला मी पाहिला आहे. अशी तुळई सबंध बदलण्याची गरज नसते. टेकू देऊन कुजलेले टोक कापावे आणि त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा जोड द्यावा. चांगला सुतार हे काम करतो.

भेगा असतील तर त्यांवर तारीख लिहून आडव्या काचपट्ट्या चिकटवाव्यात (भेग वाढली की काच तडकते) आणि किमान एक वर्ष, म्हणजे सगळे ऋतू, त्यांच्याकडे लक्ष ठेवावे. थांबलेली भेग आणि चालू भेग यांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

प्रतिसाद ३

मी व्यावसायिक नाही. संरक्षित वस्तीतले आमचे घर आम्ही वाढवले, त्या अनुभवावरून लिहितो. वेगळे ओळखू यावे याचा अर्थ आमच्या पहिल्या आराखड्यात काचेचा मोठा चौकोन असा घेतला गेला आणि तोही परत आला. समितीचे ते म्हणणे मला आजही पटते. वस्तीचे रूप नक्षीपेक्षा प्रमाणांतून घडते: छपराची रेषा, खिडक्यांची उभट मापे, भिंत आणि पोकळी यांचे गुणोत्तर, घरामागे सोडलेली मोकळी जागा. शेवटी आम्ही नवे छप्पर जुन्याहून खाली ठेवले, नवी भिंत कोपऱ्यापासून हातभर आत घेतली आणि मधे अरुंद दुवा ठेवला. मापे जुन्या खिडक्यांची घेतली, पण चौकटी साध्या केल्या. तो आराखडा मंजूर झाला.

आमची एक चूक मात्र मला अजून सलते. मंजुरी येण्यापूर्वीच कंत्राटदाराच्या सांगण्यावरून आम्ही मागच्या दोन मूळ खिडक्या काढून टाकल्या. त्यांची फक्त खालची चौकट कुजली होती. तेवढा भाग बदलून, फटींना पट्ट्या लावून आणि आतून दुसरे तावदान बसवून त्या सहज टिकल्या असत्या. दंड भरता आला, ते जुन्या झाडाचे दाट रेषांचे लाकूड मात्र परत मिळाले नाही. काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीची मोजमापे आणि छायाचित्रे करून ठेवावीत, आणि समितीच्या अधिकाऱ्यांना अर्जाआधीच कच्चा आराखडा दाखवावा. लेखी नकारापेक्षा ती अर्ध्या तासाची भेट आम्हाला फार उपयोगी पडली.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल मागच्या भिंतीलगतची एक फरशी उचलून पाहिली. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा जवळजवळ वीतभर उंच आहे, आणि पन्हळीचे पाणी नेमके त्याच कोपऱ्यात उतरते. सिमेंटचे काम थांबवले आहे आणि वरची खोली तूर्त बाजूला ठेवली आहे. आता एवढेच विचारते: भिंत सुकेपर्यंत आईच्या खोलीचे काम थांबवावेच लागेल काय?

प्रतिसाद १ चा पुनर्प्रतिसाद

नाही. जमीन उतरवणे आणि निचरा ही कामे आधी उरकावीत. नंतर नवी खोली स्वतंत्र पायावर बांधायला हरकत नाही. मात्र तिच्या जमिनीचे काँक्रीट जुन्या भिंतीला भिडवू नये, अन्यथा ओलीला पुन्हा वर चढण्यावाचून वाट उरणार नाही. मधे खडीने भरलेली पट्टी ठेवावी. जी जुनी भिंत नव्या खोलीच्या आत येईल, ती सुकेपर्यंत गिलाव्याविना उघडी ठेवावी आणि तिच्यासमोर कपाटे उभी करू नयेत. न्हाणीघर त्या भिंतीपासून सर्वांत दूरच्या बाजूला घ्यावे. नळ आणि सांडपाण्याच्या नळ्या जुन्या विटांतून न नेता नव्या भिंतीतूनच बाहेर काढाव्यात.