लग्नपत्रिकेचा खर्च कुठे कमी करू? मदत हवी आहे

नमस्कार. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय आणि पत्रिका, पाकिटं, आभारपत्रं हे सगळं छपाईचं काम माझ्याकडे आलंय. खर्चाचा आकडा घरात ठरलाय, त्यातच बसवायचं आहे.

पाहुणे ३०० म्हणून मी आधी ३०० पत्रिकांचा भाव विचारत होते. पण पत्रिका माणशी नाही, घरटी जाते! यादी घरांप्रमाणे लावली तर १४० झाली. वर १५ जादा धरल्यात, कारण नंतर थोड्याच छापायच्या म्हटलं तरी ऑफसेटला (म्हणजे प्लेट बनवून मशीनवर होणाऱ्या छपाईला) प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च पुन्हा येतो.

आता अडलंय ते असं. एवढ्या कमी संख्येला डिजिटल छपाई (प्लेटशिवाय, थेट फाइलवरून होणारी) परवडेल, पण बहिणीला नावांवर सोनेरी फॉइल हवंय आणि त्याचा साचा वेगळा करावा लागतो. तिचं मन मोडवत नाही. मग कागद ३०० जीएसएमऐवजी (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) २५० घेतला आणि आतली जादा पानं काढून सगळा मजकूर एकाच कार्डावर बसवला, तर पत्रिका हातात घेतल्यावर हलकी वाटेल का? वजन घटलं तर टपालखर्चही वाचेल.

अलीकडे कुणी फॉइलच्या पत्रिका छापून घेतल्या असतील तर कृपया सांगा, फॉइल फक्त नावांपुरतं ठेवल्याने खर्चात खरंच फरक पडला का? आणि आभारपत्रं पत्रिकेसोबतच छापून घ्यावीत की नंतर? छपाईला पुढच्या आठवड्यात द्यायचं आहे.