होली मोली: पटिंगची स्पर्धा की पडण्याची?

प्रश्न: हिरवळ

‘होली मोली’ या अमेरिकी मिनी गोल्फ स्पर्धेची चारही पर्वे मी नुकतीच पाहून संपवली आणि मनात एक प्रश्न राहिला, तो इथल्या जाणत्या प्रेक्षकांपुढे ठेवत आहे. ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एबीसी वाहिनीवर जून 2019 मध्ये तो सुरू झाला. चित्रीकरण कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटाजवळच्या सेबल रँचवर झाले. बास्केटबॉलपटू स्टीफन करी हे कार्यकारी निर्माते होते आणि कार्यक्रमातले ‘निवासी गोल्फतज्ज्ञ’ही होते. पहिल्या पर्वात प्रत्येक भागात बारा स्पर्धक असत, दोघादोघांच्या सहा लढती होत, जिंकलेल्या सहांच्या पुन्हा तीन लढती होत आणि उरलेले तिघे ‘माउंट होली मोली’ या शेवटच्या होलवर, म्हणजे खेळाच्या शेवटच्या टप्प्यावर, एकत्र खेळत. विजेत्याला 25,000 डॉलर, चौकटीचे जाकीट आणि सोनेरी पटर (पटिंगची, म्हणजे चेंडू जमिनीवरून कपात सरकवण्याची काठी) मिळत असे.

माझा प्रश्न असा, की या स्पर्धेत नेमके काय मोजले जाते? मिनी गोल्फमध्ये पवनचक्की असते ती चेंडूच्या वाटेत. तिची पाती फिरतात, खेळाडू त्यांच्या मधली वेळ हेरतो आणि फटका मारतो, म्हणजे पवनचक्कीला उत्तर पटरनेच द्यायचे असते. ‘डच करेज’ या होलवर मात्र पवनचक्की माणसाच्या वाटेत उभी आहे. स्पर्धकाला प्रचंड पात्यांमधून धावत पलीकडे जायचे असते आणि पाते लागले की तो थेट पाण्यात पडतो. पुढच्या पर्वात याच कल्पनेला आणखी एक पवनचक्की जोडली गेली. पाहताना मजा येते हे मी नाकारत नाही, परंतु अप्रतिम फटका मारलेली व्यक्ती केवळ धावताना अडखळली म्हणून मागे पडते, तेव्हा मला त्या फटक्याची हळहळ वाटत राहते. घरातल्या इतरांना ती वाटत नाही. त्यांच्या मते हा पडण्याचाच कार्यक्रम आहे आणि गोल्फ हे निमित्त आहे. आपल्याला काय वाटते?

उत्तर: मैदानाबाहेरून

आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. अडथळ्यांच्या जुन्या स्पर्धांशी तुलना केली तर मला वाटते तो अधिक स्पष्ट होईल.

जपानमध्ये 1986 ते 1990 या काळात ‘ताकेशीज कॅसल’ चालला. एबीसीवरच 2008 ते 2014 या काळात ‘वाइपआउट’ चालला. या दोन्हींमध्ये पडण्याचा आणि निकालाचा संबंध थेट होता. ‘ताकेशीज कॅसल’मध्ये अडथळा पार झाला तर पुढे जायचे, नाही तर बाहेर. ‘वाइपआउट’मध्ये घड्याळ चालू असे, त्यामुळे चिखलात पडलेल्या माणसाचे जे नुकसान होई ते वेळेचेच असे, आणि स्पर्धाही वेळेचीच होती. जे मोजायचे तेच अडथळा हिरावून घेत होता. ‘होली मोली’मध्ये मोजायचे आहेत फटके, पण अडथळा परीक्षा घेतो तोल, वेग आणि धीर यांची. या दोन वेगळ्या गोष्टींना जोडण्यासाठी निर्मात्यांना एक विनिमय दर ठरवावा लागतो, म्हणजे एकदा पडणे बरोबर किती फटके. कुठे पडलेल्याला दंडाचा फटका मिळतो, तर कुठे चेंडू कपपासून (चेंडू जिथे घालायचा त्या खळग्यापासून) लांबच्या, गैरसोयीच्या जागी ठेवला जातो. आपल्याला होणारी हळहळ ही अडथळ्याबद्दलची नसून या दराबद्दलची आहे, असे माझे मत आहे.

दर हलका ठेवला तर पडणे निव्वळ शोभेचे उरते, कारण भिजून आलेला स्पर्धक एका चांगल्या फटक्यात बरोबरी साधतो. दर जड ठेवला तर पटरला अर्थ राहत नाही. चांगला होल तो, जिथे पडलेल्या माणसाला परतण्याची वाट असते, परंतु त्यासाठी त्याला खरोखर कठीण फटका साधावा लागतो. माझ्या आठवणीतले सर्वात रंगलेले सामने असेच आहेत. दोघांपैकी एक पाण्यातून निथळत ग्रीनवर (कपभोवतीच्या सपाट गवतावर) येतो, दुसरा कोरडा आणि निश्चिंत असतो, आणि त्या निश्चिंतपणातच कोरड्या स्पर्धकाचा सोपा फटका कपच्या कडेवरून निसटतो. तिथे अडथळा आणि पटिंग यांची गाठ पडते. दोघेही पडले आणि दोघांनाही सारखीच शिक्षा झाली, तर आधी जे काही घडले ते पुसले जाऊन उरतो तो साधा पटिंगचा सामना. अशा वेळी आधीची धावपळ केवळ पाहण्यापुरती होती असे वाटून जाते.

याच कसोटीवर मला ‘द डिस्ट्रॅक्टर’ हा होल सर्वांत प्रामाणिक वाटतो. तिथे धावणे नाही, उडी नाही, पाणी नाही. स्पर्धकाला पटिंग करायचे असते आणि त्याच वेळी त्याच्यासमोर लक्ष विचलित करणारा काहीतरी प्रकार चाललेला असतो. तिथला अडथळा मनाच्या एकाग्रतेवर येतो आणि एकाग्रता हा तर पटिंगचा गाभाच आहे. त्या होलवर हरलेला माणूस पटिंगमध्येच हरतो.

उत्तर: संख्याशास्त्राचा शिक्षक

वरील विवेचन मला मान्य आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो, कारण पडण्याच्या गदारोळात ती दिसेनाशी होते. ही स्पर्धा एका होलच्या बाद पद्धतीची आहे, आणि पवनचक्क्या काढून टाकल्या तरी एक होल हा कौशल्य ओळखण्यासाठी फारच तोकडा नमुना आहे.

गोल्फच्या कपचा व्यास 108 मिलिमीटर आणि चेंडूचा किमान व्यास 42.67 मिलिमीटर असतो. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडू तीन फुटांवरचा फटका जवळजवळ नेहमी कपात घालतात. परंतु आठ फुटांवरून त्यांचेही प्रमाण निम्म्याच्या आसपास येते आणि वीस फुटांवरून सातांपैकी साधारण एकच फटका जातो. जे खेळाडू आयुष्य यातच घालवतात त्यांची ही अवस्था असेल, तर हौशी स्पर्धकाच्या एका फटक्यात नशिबाचा वाटा किती मोठा असणार याची कल्पना करावी. म्हणूनच व्यावसायिक स्पर्धा सहसा चार दिवस आणि 72 होल चालते.

उदाहरणादाखल धरू, की सरस खेळाडू एका होलवर दहापैकी सहा वेळा जिंकतो आणि बरोबरीचा विचार तूर्त बाजूला ठेवू. मग सलग दोन लढती जिंकून शेवटच्या तिघांत पोहोचण्याची त्याची शक्यता 0.6 गुणिले 0.6, म्हणजे 36 टक्के. प्रतिस्पर्धी त्याच्यापेक्षा कमी दर्जाचे असूनही तो बहुतेक वेळा अंतिम होलपर्यंत पोहोचतच नाही. प्रत्येक लढत तीन होलची केली आणि त्यांतले दोन जिंकणारा विजयी ठरवला, तर एका लढतीतली शक्यता 60 वरून 64.8 टक्क्यांवर जाते आणि दोन्ही लढती पार करण्याची सुमारे 42 टक्क्यांवर. फरक पडतो, पण बेताचाच पडतो.

तेव्हा चांगला खेळणारा अन्यायाने बाहेर गेला, ही भावना प्रत्येक भागात येणे अटळ आहे आणि तिचा दोष एकट्या पात्यांच्या माथी मारता येणार नाही.

उत्तर: जुना प्रेक्षक

आकडे बाजूला ठेवून मी समालोचनाबद्दल लिहितो, कारण हा कार्यक्रम स्पर्धा वाटतो याचे बरेचसे श्रेय त्याला जाते. समालोचक दोन आहेत. जो टेसिटोरी हे मुळात क्रीडा समालोचक असून 2018 आणि 2019 च्या हंगामांत ईएसपीएन या क्रीडा वाहिनीवरच्या ‘मंडे नाइट फुटबॉल’चे धावते वर्णन तेच करत असत. रॉब रिगल हे विनोदी अभिनेते असून अमेरिकी मरीन कोअरच्या राखीव दलातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेले आहेत. टेसिटोरी सहा फुटांवरच्या फटक्याचे वर्णन मोठ्या सामन्यातल्या अखेरच्या क्षणाच्या गांभीर्याने करतात, आवाज खाली आणतात, चेंडू वळतो तिथे शब्द थांबवतात, आणि त्यामुळे आपणही श्वास रोखून पाहू लागतो. त्यांनी हा खेळ खरा मानला आहे. ते गांभीर्य नसते तर रिगल यांचे विनोद हवेत विरून गेले असते.

माझी तक्रार आहे ती द्वयर्थी विनोदांच्या पुनरावृत्तीबद्दल. होलच्या नावांवरचे तेच ते श्लेष भागागणिक परत येतात आणि मुलांबरोबर पाहताना अवघडल्यासारखे होते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. स्पर्धकांची ओळख करून देताना त्यांना एखाद्या विक्षिप्त सवयीपुरते किंवा व्यवसायापुरते उरवले जाते. यांत काही जण खरोखर वर्षानुवर्षे पटिंगचा सराव केलेले असतात. त्यांचा पटर धरण्याचा ढंग, ग्रीनचा उतार वाचण्याची पद्धत, फटक्याआधीचा ठराविक क्रम यांबद्दल अर्धा मिनिट जरी बोलले गेले, तरी पुढे तो माणूस पडतो तेव्हा प्रेक्षकाला त्याचे मोल कळेल. पडण्याचे दृश्य संथ गतीने वारंवार दाखवले जाते. चेंडू उतारावरून कसा वळला हेही तितक्याच आस्थेने दाखवायला हवे होते.

उत्तर: तीन फुटांवरून

मला या चर्चेत मिनी गोल्फच्या इतिहासाची बाजू आणावीशी वाटते, कारण ‘निमित्त गोल्फचे’ हा वाद या कार्यक्रमापेक्षा कितीतरी जुना आहे.

अमेरिकेत 1920 च्या दशकाच्या अखेरीस गार्नेट कार्टर यांनी लुकआउट माउंटनवर ‘टॉम थंब गोल्फ’ उभारले. पोकळ ओंडके, नळ्या, बुटक्यांच्या आणि परीकथांतल्या मूर्ती यांमधून चेंडू न्यायचा, हे त्याचे आकर्षण होते. 1930 च्या सुमारास या खेळाची देशभर लाट आली, हजारो मैदाने निघाली आणि लाट तितक्याच वेगाने ओसरली. पुढे 1954 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलमध्ये डॉन क्लेटन यांनी ‘पट-पट’ सुरू केले ते नेमके उलट्या विचाराने. पवनचक्क्या आणि चमत्कृती त्यांना नको होत्या. प्रत्येक होल कौशल्याने एका फटक्यात साधता येईल, अशी त्यांची मांडणी होती आणि प्रत्येक होलचे पार (अपेक्षित फटक्यांची संख्या) दोन ठेवले होते. युरोपात तर मिनी गोल्फ हा प्रमाणित मार्गांवर खेळला जाणारा शिस्तबद्ध क्रीडाप्रकार झाला. तिथले खेळाडू वेगवेगळ्या कठीणपणाचे आणि उसळीचे अनेक चेंडू बाळगतात आणि मार्ग पाहून त्यांतला एक निवडतात.

‘होली मोली’ उघडपणे कार्टर यांच्या घराण्यातली आहे. तिच्याकडून क्लेटन यांच्या घराण्याची शुद्धता मागणे मला रास्त वाटत नाही. परंतु कार्टर यांच्या ओंडक्यातूनही जायचा तो चेंडूच, ही आपली मूळ हरकत मात्र या इतिहासानेही टिकते. अडथळा चेंडूच्या वाटेवरून उचलून माणसाच्या वाटेवर ठेवणे हा या कार्यक्रमाचा खरा नवा भाग आहे आणि त्याचे बरेवाईट त्याच्याच नावावर जमा झाले पाहिजे.

हिरवळ

सर्वांचे मनापासून आभार. विनिमय दराचा मुद्दा वाचल्यानंतर मी काही भाग पुन्हा पाहिले आणि मला जे होल आवडत नव्हते त्यांत एक साम्य आढळले. तिथे फटका आधी संपतो आणि अडथळा नंतर येतो, त्यामुळे चांगल्या फटक्याचा अडथळा पार करताना काहीच उपयोग होत नाही. चांगला फटका मारणाऱ्याला धावण्याची अधिक सोपी वाट मिळाली असती, तर दोन्ही गोष्टी एकमेकींशी बोलू लागल्या असत्या. दुसऱ्या पर्वापासून भागांचे विजेते अंतिम भागात परत आणून 2,50,000 डॉलरसाठी खेळवले गेले, हा बदल आपल्याला कसा वाटला?

उत्तर: संख्याशास्त्राचा शिक्षक

तो बदल स्वागतार्ह होता, कारण एका रात्रीच्या यशाची पुन्हा परीक्षा झाली आणि पहिल्या पर्वात भाग संपताच विसरले जाणारे विजेते लक्षात राहू लागले. तथापि बक्षीस दहापट झाले आणि अंतिम निर्णय मात्र पूर्वीसारखाच एका होलवर राहिला. इतक्या मोठ्या रकमेसाठी शेवटच्या खेळाडूंना निदान तीन वेगवेगळे होल खेळवून फटक्यांची बेरीज करावी आणि त्यांतला एक ‘डिस्ट्रॅक्टर’सारखा निव्वळ पटिंगचा असावा, असे मी सुचवेन.

उत्तर: मैदानाबाहेरून

तीन होलच्या बेरजेला माझा पाठिंबा आहे. हिरवळ यांच्या सूचनेतही फार खोल अर्थ आहे. ‘डच करेज’वर ती अशी अमलात आणता येईल: चेंडू ठरलेल्या पट्ट्यात थांबला तर पाती काही काळ संथ फिरावीत, पट्ट्याबाहेर गेला तर नेहमीच्या वेगाने. पाण्यात पडण्याचा धोका दोघांनाही राहील, पण ज्याने पटर नीट चालवला त्याला धावण्यापूर्वीच त्याची कमाई हातात मिळालेली असेल.