सशस्त्र संघर्षातील बलात्कार न्यायालयात सिद्ध कसा होतो?

चार्वी:
मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असून आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा हा माझा ऐच्छिक विषय आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे २७ वे कलम युद्धकाळात स्त्रियांना बलात्कारापासून संरक्षण देते, पण तेथेही तो स्त्रीच्या अब्रूवरील हल्ला मानलेला आहे. बलात्काराला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवून एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पहिली शिक्षा दिली ती १९९८ मध्ये. हा इतिहास वाचून झाला आहे; माझी अडचण पुराव्याची आहे. जेथे प्रथम खबर नाही, पंचनामा नाही, वैद्यकीय तपासणी नाही, पीडितेचे घर आणि गावही उरलेले नाही, आणि साक्ष होते ती घटनेनंतर तीन वर्षांनी किंवा आठ वर्षांनी, तेथे गुन्हा संशयातीतपणे सिद्ध झाला असे न्यायाधीश कोणत्या आधारावर म्हणतात? आरोपीवर यात अन्याय होत नाही का, असा प्रश्न वर्गात एका सहाध्यायाने विचारला आणि मला त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

तळटीप:
सहाध्यायाचा प्रश्न रास्त आहे, तो झटकून टाकू नका. मात्र त्यामागे एक गृहीतक आहे. आपल्याकडच्या खटल्यांत बचाव पक्ष बहुधा 'काही घडलेच नाही' किंवा 'घडले ते संमतीने घडले' यांपैकी एका भूमिकेवर उभा राहतो, म्हणून आपले लक्ष आधी वैद्यकीय अहवालाकडे जाते. रवांडातील १९९४ च्या तुत्सी वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने स्त्री कोणत्या परिस्थितीत होती, याला आधी महत्त्व दिले.

आपण उल्लेखलेला १९९८ चा निकाल ज्याँ-पॉल अकायेसूचा. तो रवांडातील तबा या कम्यूनचा (स्थानिक प्रशासकीय विभागाचा) प्रशासनप्रमुख, पूर्वाश्रमीचा शिक्षक. टांझानियातील अरुशा येथे खटला उभा राहिला तेव्हा त्याच्यावरील आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये 'जे' या सांकेतिक नावाची साक्षीदार आपल्या कुटुंबाची हत्या कशी झाली हे सांगत असताना ओघातच सांगून गेली, की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघा मिलिशियावाल्यांनी बलात्कार केला होता. तपास अधिकाऱ्यांनी तिचा जबाब आधीच घेतला होता, पण हे त्यांनी तिला विचारलेच नव्हते. पुढे मार्चमध्ये 'एच' या साक्षीदाराने स्वतःवरील अत्याचार सांगितला, आणि जूनमध्ये आरोपपत्र सुधारून त्यात लैंगिक हिंसेचे आरोप घालण्यात आले. खंडपीठावरील तिघांत नवनीतम पिल्लै या एकट्या स्त्री न्यायाधीश होत्या. दक्षिण आफ्रिकेतील दरबानमधल्या तमिळ वंशाच्या कुटुंबातल्या त्या. त्या तिथे नसत्या तर पुढचे प्रश्न विचारले गेले असते का, याबद्दल मला शंका आहे.

आता पुराव्याकडे. अकायेसूने स्वतः बलात्कार केला असा आरोप नव्हताच. आश्रयाला आलेल्या तुत्सी स्त्रियांवर कम्यून कार्यालयाच्या आवारात अत्याचार होत असताना तो तेथे हजर होता आणि त्याच्या बोलण्याने गुन्हेगारांना चिथावणी मिळाली, हे अनेक स्त्रियांनी स्वतंत्रपणे, एकाच जागेविषयी सांगितले. एका साक्षीदाराने तर त्याचे उद्गारच सांगितले: तुत्सी बाईची चव कशी असते हे आता मला पुन्हा विचारू नका, अशा अर्थाचे. न्यायाधीश येथे जखमा मोजत नव्हते. जागा, काळ, माणसे आणि आवाज या चार गोष्टी वेगवेगळ्या साक्षींत जुळतात का, हे ते तपासत होते.

त्यात कार्यपद्धतीच्या नियमावलीतील ९६ वा नियम मोलाचा ठरतो. लैंगिक अत्याचाराच्या साक्षीला अन्य पुराव्याची पुष्टी हवीच असे नाही. पीडितेच्या पूर्वीच्या लैंगिक आयुष्याचा पुरावा घेतला जात नाही. आणि हिंसा, धमकी किंवा कैद यांच्या दडपणाखाली असलेल्या स्त्रीबाबत संमतीचा बचाव टिकत नाही. आपल्या सहाध्यायाला हेही सांगा, की या नियमाने साक्षीदाराची उलटतपासणी बंद केलेली नाही. कित्येक स्त्रियांनी ती तासन्‌तास सोसली आहे.

कृष्णाकाठ:
तळटीप यांच्या विवेचनाला माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात चाललेल्या, बोस्नियातील फोचा खटल्याची जोड द्यायला हवी, कारण संमतीचा प्रश्न तेथे अधिक उघडपणे पुढे आला. १९९२ मध्ये द्रिना नदीकाठचे हे गाव सर्ब फौजांच्या ताब्यात गेल्यावर मुस्लिम स्त्रियांना आधी शाळेत आणि मग पार्तिझान नावाच्या क्रीडागृहात कोंडून ठेवले गेले. हे क्रीडागृह पोलीस ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर होते. सैनिक रोज संध्याकाळी येत आणि बोट दाखवून स्त्रियांना घेऊन जात.

द्रागोल्युब कुनाराच या आरोपीचे म्हणणे असे, की एका स्त्रीने आपण होऊन त्याच्याशी जवळीक साधली. ते अक्षरशः खरेही होते. परंतु 'आमच्या कमांडरला खूश केले नाहीस तर जीव जाईल' अशी धमकी दुसऱ्या सैनिकाने तिला त्याआधी दिली होती, आणि ज्या घरात ती होती तेथून ती जाऊच शकत नव्हती. न्यायालयाने ही संमती मानली नाही, आणि तिच्या वागण्यामुळे आपला गैरसमज झाला हा आरोपीचा दावाही फेटाळला. याच खटल्यात रादोमिर कोवाचने बारा वर्षांच्या एका मुलीला दोनशे जर्मन मार्कांना विकल्याचे सिद्ध झाले. त्या मुलीचा पुढे काहीच पत्ता लागला नाही. साक्षीला तिची आई आली होती. फेब्रुवारी २००१ मध्ये कुनाराचला २८, कोवाचला २० आणि तिसरा आरोपी झोरान वुकोविच याला १२ वर्षांची शिक्षा झाली.

चार्वी:
दोघांचेही आभार. मग 'तिने प्रतिकार केला का' या प्रश्नाची जागा 'तिला नाही म्हणता येत होते का' या प्रश्नाने घेतली, असे म्हणावे का? आणि भारतीय कायद्यात असे काही आहे का?

विदर्भकर:
म्हणायला हरकत नाही, आणि तो बदल आपल्याकडे न्यायाधिकरणांच्या आधीच, एका कोठडीच्या प्रकरणातून झाला आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, आताच्या गडचिरोलीतील, देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात त्यांना सोडून दिले, कारण अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. रात्रीच्या वेळी, दार लावलेल्या पोलीस ठाण्यात मुलीने पोलिसांशी झटापट करावी ही अपेक्षा! उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये तेव्हाच्या पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आले: कोठडीतील बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असेच गृहीत धरावे. २०१३ पासून एखाद्या भागात तैनात असलेल्या सशस्त्र दलाच्या सदस्याने तेथे केलेला बलात्कारही या गृहीतकाच्या कक्षेत येतो.

पण खटला तेथवर पोहोचायला हवा ना. अशांत घोषित भागांत लागू होणाऱ्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याच्या (अफ्स्पा) सहाव्या कलमानुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला चालवता येत नाही. लैंगिक गुन्ह्यांसाठी ही परवानगीची अट नको, अशी शिफारस दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये केली होती. ती स्वीकारली गेली नाही. माझ्या मते आपल्याकडचा खरा अडसर पुराव्याचा नसून या परवानगीचा आहे.

नाममात्र:
चित्र जरा जास्तच उजळ रंगवले जात आहे. बलात्कार झाले हे सिद्ध होणे आणि ते अमुक सेनानीच्या खात्यावर पडणे यांत फार अंतर असते. कांगोचा बंडखोर नेता ज्याँ-पिएर बेंबा याच्या सैनिकांनी २००२-०३ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात केलेल्या अत्याचारांबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला मार्च २०१६ मध्ये दोषी ठरवले आणि १८ वर्षांची शिक्षा दिली. जून २०१८ मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तो सुटला. परक्या देशात गेलेल्या सैन्याला आवरण्यासाठी त्याने शक्य ते सर्व केले नाही, हा निष्कर्ष नीट सिद्ध झालेला नाही, असे बहुमताचे म्हणणे. खटल्यात ५,२२९ पीडित सहभागी होते. २०२३ मध्ये बेंबा कांगोचा संरक्षणमंत्री झाला.

तळटीप:
नाममात्र यांचा आक्षेप मान्य. चार्वीताई, म्हणूनच बेंबाच्या निकालासोबत कांगोतीलच बंडखोर सेनानी बोस्को न्तागांडाचा निकाल वाचा. आपल्याच टोळीतील अल्पवयीन मुलींवर झालेला बलात्कार हा युद्धगुन्हा होऊ शकत नाही, असा बचाव त्याच्या वकिलांनी घेतला होता आणि २०१७ मध्ये अपील न्यायपीठाने तो फेटाळला. २०१९ मध्ये तो दोषी ठरला आणि त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. ती २०२१ मध्ये कायम झाली. सहाध्यायाला अकायेसूचे निकालपत्र द्यायचे असेल तर कायद्याच्या चर्चेपासून सुरुवात करू देऊ नका. लैंगिक हिंसेविषयीच्या साक्षी आणि त्यांवरची उलटतपासणी त्याने आधी वाचावी.