तेवीस दिवस झाले, तिन्ही आकडे शून्य : खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे सोडावेत का?

मीठ_मोजणारी | ६ एप्रिल, सकाळी

नमस्कार. मी नागपुरात धरमपेठेत राहते. गोड्या पाण्यातील मासे आमच्या घरी सात-आठ वर्षांपासून आहेत, खाऱ्या पाण्याची टाकी मात्र ही पहिलीच. काच ३६ × १८ × १८ इंचांची आहे. वाळू आणि दगड मांडल्यावर तीत प्रत्यक्षात १६० लिटर पाणी बसले. दगड आणि वाळू दोन्ही कोरडेच घेतले. मीठ मत्स्यालयासाठी मिळते तेच आहे आणि पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचे आहे. स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारे यंत्र) व दोन वेव्हमेकर (पाणी फिरते ठेवणारे पंप) पहिल्या दिवसापासून चालू आहेत.

ज्या दुकानातून सामान आणले तेथे मला सांगण्यात आले की जिवाणूंची बाटली ओतावी, पाणी पंधरा दिवस मुरू द्यावे आणि मग दोन डॅमसेल (छोटे, काटक समुद्री मासे) सोडून पाहावेत. ते जगले तर टाकी तयार झाली असे समजावे. बाटली मी ओतली, डॅमसेल मात्र आणले नाहीत, कारण मासा मरतो का हे पाहण्यासाठी मासा आणणे मनाला पटले नाही. आज २३ दिवस झाले आहेत. दर तिसऱ्या दिवशी तपासते आणि प्रत्येक वेळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य असेच येते. पीएच ८.२ आहे. पाणी इतके नितळ आहे की मागच्या भिंतीचा रंग दिसतो. मुलीला क्लाउनफिशची जोडी हवी आहे आणि शाळेतून आली की ती रिकाम्या टाकीसमोर जाऊन बसते. आता मासे आणण्यास हरकत आहे का?

आणखी एक गोष्ट. ऊन वाढल्यापासून पाणी भराभर कमी होते, म्हणून गेला आठवडाभर मी रोज साधारण दीड लिटर मिठाचे पाणी वरून भरते आहे. तरीही रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजणाऱ्या यंत्रावर) क्षारता हजारी ३५ वरून ३७ वर गेली आहे. यंत्र बिघडले असावे का?

जुनी_टाकी | ६ एप्रिल, रात्री

ताई, डॅमसेल आणले नाहीत हे फार चांगले केलेत. आपले आकडे बरोबर आहेत, मात्र त्यांचा अर्थ वरवर वाटतो त्याच्या उलट आहे. तिन्ही शून्य असणे म्हणजे चक्र (जिवाणूंनी अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणे) पूर्ण होणे नव्हे. ते सुरूच झालेले नाही. पूर्ण झालेल्या टाकीत पहिले दोन आकडे शून्यावर येतात, पण तिसरा, म्हणजे नायट्रेट, चढलेला असतो, कारण जे काही कुजले आणि पचले त्याचा हिशेब शेवटी नायट्रेटमध्येच जमा होतो. आपल्या टाकीत जमा काहीच नाही, याचा अर्थ आवकच झालेली नाही.

‘पाणी मुरू द्या’ हा सल्ला मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे. लोणचे मुरते, पाणी मुरत नाही. अमोनियाचे नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते दगडाच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर चिकटून वाढतात, आणि वाढण्यासाठी त्यांना अमोनिया लागतो. आपण विरजण घातलेत, पण भांड्यात दूधच नव्हते. कोरड्या दगडावर कुजण्यासारखे काही नसल्यामुळे तेवीस दिवस त्या जिवाणूंची उपासमार झाली आहे.

डॅमसेलच्या पद्धतीत मासा श्वासावाटे कल्ल्यांतून अमोनिया टाकतो आणि तोच जिवाणूंचे अन्न ठरतो, म्हणजे पद्धत चालते, पण माशाच्या कल्ल्यांच्या जिवावर चालते. खाऱ्या पाण्यात हे अधिक क्रूर ठरते. पीएच एका अंकाने वाढला की एकूण अमोनियातील विषारी, आयन न झालेल्या भागाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. आपल्या गोड्या पाण्याच्या टाकीत पीएच ७ च्या आसपास असेल तर जो अमोनिया मासा निभावून नेतो, तोच ८.२ ला त्याला जाळतो. माझ्या पहिल्या टाकीत सोळाव्या दिवशी तीन डॅमसेल सोडले होते. दुसऱ्या दिवशी ते पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे होते आणि चौथ्या दिवशी त्यांतला एकच राहिला. तोही पुढे आयुष्यभर प्रत्येक नव्या माशाला चावत राहिला, आणि त्याला पकडण्यासाठी मला अर्धी टाकी रिकामी करावी लागली.

आता करायचे ते एवढेच : अमोनिया बाहेरून द्यावा, २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे २ मिलिग्रॅम). काही जण मच्छी बाजारातून आणलेली कोळंबी टाकीत कुजवतात. त्यानेही काम होते, पण एप्रिलमध्ये बंद घरात तो वास आपल्याला नकोसा होईल आणि किती अमोनिया झाला हे हातात राहणार नाही. दिवे बंद ठेवावेत, नाहीतर जिवाणूंच्या आधी शेवाळ येईल. तळावर तपकिरी थर दिसला तर ते डायटम, म्हणजे एक प्रकारचे सूक्ष्म शेवाळ, असतात. त्यांच्यावरून चक्राचा अंदाज बांधू नये. आपली हरकत नसेल तर माझ्या टाकीतली वाटीभर वाळू मी देईन. तिच्यावरचे जिवाणू ३५ च्या क्षारतेला सरावलेले आहेत, त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीतला स्पंज आणून टाकण्यापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

प्रयोगशाळेतला | ७ एप्रिल

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्रेपुरते लिहितो. अमोनियासाठी सर्वांत सोपा पदार्थ म्हणजे अमोनियम क्लोराइड, म्हणजेच आपला नवसागर. भांड्यांना कल्हई करणारा कापसाच्या बोळ्याने लावतो आणि पांढरा धूर उठतो, तोच हा. तथापि इतवारीतल्या दुकानात सुटा मिळणारा नवसागर टाकीत घालू नये, कारण त्यात धातूंचे अंश असू शकतात आणि तांबे पुढे कोळंबी-शिंपल्यांना घातक ठरते. रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्यावा. १०० ग्रॅमची बाटली जन्मभर पुरेल.

हिशेब असा. १६० लिटरमध्ये २ पीपीएम अमोनिया हवा, म्हणजे ३२० मिलिग्रॅम. अमोनियाचा रेणुभार १७ आणि नवसागराचा ५३.५ असल्यामुळे ३२० ला सुमारे ३.१ ने गुणावे. उत्तर १ ग्रॅम येते. एक ग्रॅम पेलाभर पाण्यात विरघळवून वेव्हमेकरसमोर ओतावा आणि अर्ध्या तासाने तपासावे. ‘थोडे जास्त घातले तर लवकर होईल’ हा मोह आवरावा. ५ पीपीएमच्या वर गेल्यास चक्र रखडण्याचीच शक्यता अधिक असते.

नायट्रेटच्या तपासणीची दुसरी बाटली आपण किती वेळ हलवता? तिच्यातले द्रव्य तळाशी बसते. टेबलावर दोन-चार वेळा आपटून पूर्ण अर्धा मिनिट हलवली नाही तर नायट्रेट असूनही शून्य दाखवते. (अमोनियाचे ऑक्सिडीकरण दोन टप्प्यांत होते आणि ते दोन वेगळे जिवाणू करतात, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास मातीतल्या जिवाणूंवर दाखवून दिले होते. आपल्या टाकीतही हे दोन गट एकाच वेळी जागे होत नाहीत, हे लक्षात असू द्यावे.)

कोराडी_रोडवाला | ७ एप्रिल

आपले रिफ्रॅक्टोमीटर ठीक आहे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. सात दिवसांत साडेदहा लिटर खारे पाणी भरले, म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅम धरून सुमारे ३६५ ग्रॅम मीठ जादा गेले, आणि १६० लिटरमध्ये त्याने क्षारता दोनने वाढणारच. नऊ लिटर पाणी काढून तेवढेच गोडे, शुद्ध पाणी घालावे, आणि यापुढे वरून भरायचे ते नेहमी गोडेच.

घरच्या आरओबद्दल मात्र शंका आहे. त्यात चव यावी म्हणून थोडे मूळ पाणी परत मिसळतात किंवा खनिजांची कांडी बसवतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरने पाहावे. शून्य येत नसेल तर पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडावी.

उन्हाळ्यासाठी एक सूचना. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, आणि आपल्या कोरड्या उन्हात तो उत्तम चालतो, कारण त्याचे तत्त्व कुलरचेच आहे. याच कारणाने जुलैत हवा दमट झाली की तो निरुपयोगी ठरतो. बाष्पीभवन दुपटीने वाढेल, त्याची तयारी ठेवावी. मासे २५ ते २७ अंशांत असावेत, आणि नागपूरचा मे महिना चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) तेवढ्यात निभावणे कठीण आहे.

मीठ_मोजणारी | २७ एप्रिल

सर्वांचे आभार. आरओच्या पाण्याचा टीडीएस ६४ निघाला, रेझिन जोडल्यावर शून्य झाला. क्षारता ३५ वर आहे. वाटीभर वाळू मिळाली आणि ८ तारखेला पहिला एक ग्रॅम नवसागर घातला. नवव्या दिवशी अमोनियाची नळी पहिल्यांदा हिरव्याची पिवळी झाली, तेव्हा मुलीने ती खिडकीत उन्हासमोर धरून आजीला दाखवली. त्यानंतर अमोनिया उतरेल तसा आणखी दोन वेळा एकेक ग्रॅम दिला. आता अमोनिया दोन दिवसांत शून्य होतो, पण नायट्राइट गेले दहा दिवस ५ पीपीएमच्या गडद जांभळ्यावर अडकला आहे. काही चुकते आहे का?

प्रयोगशाळेतला | २७ एप्रिल

चुकलेले काही नाही; आपल्या किटची पट्टीच ५ वर संपते. १ पीपीएम अमोनियापासून सुमारे २.७ पीपीएम नायट्राइट तयार होतो. तीन वेळा दिलेल्या ६ पीपीएममधून एकूण १६ च्या घरात नायट्राइट झाला असणार. तो १६ असो की ६, किटला दोन्ही सारखेच जांभळे. एक भाग टाकीचे पाणी आणि चार भाग शुद्ध पाणी मिसळून तपासावे आणि येणाऱ्या आकड्याला पाचाने गुणावे. मग उतार दिसू लागेल. तोपर्यंत नवसागर थांबवावा आणि नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण ती तपासणी नायट्रेटचे नायट्राइट करूनच मोजते आणि आधीपासून असलेला नायट्राइट त्यात भर घालतो.

जुनी_टाकी | २७ एप्रिल

यात भर एवढीच की समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून फारसा आत शिरत नाही, त्यामुळे गोड्या पाण्यात त्याची जेवढी धास्ती असते तेवढी येथे नाही. तरीही तो उतरेपर्यंत थांबावे. वीज जाते तेव्हा काय व्यवस्था आहे? खाऱ्या आणि गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, आणि हे जिवाणू प्राणवायूवर जगणारे आहेत. बॅटरीवरचा एअर पंप आत्ताच घेऊन ठेवावा.

मीठ_मोजणारी | १६ मे

पाचपट पातळ करून पाहिले तेव्हा २८ एप्रिलला नायट्राइट १० आला, ५ मे रोजी ४, आणि ११ मे रोजी पातळ न करताही नळी स्वच्छ आकाशी. १४ तारखेला सकाळी सात वाजता एक ग्रॅम नवसागर दिला. १५ ला सकाळी सात वाजता अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेट ३० च्या जवळ होता, म्हणून काल ८० लिटर पाणी बदलले आणि तो १५ वर आला. आता मासे मागवावेत का?

कोराडी_रोडवाला | १६ मे

टाकी तयार आहे, पण रस्ता तयार नाही. मासे बाहेरगावाहून पिशवीत येणार आणि विमानतळ ते धरमपेठ एवढ्या अंतरातही ४४-४५ अंशांच्या दुपारी पिशवीतले पाणी तापते. घरी पाणी किती आहे?

मीठ_मोजणारी | १६ मे

पंखा लावून दुपारी २९.५. चिलर पुढच्या महिन्यात येणार आहे.

जुनी_टाकी | १६ मे

मग मृग लागेपर्यंत थांबावे. मात्र रिकामी टाकी उपाशी ठेवू नये. चार-पाच दिवसांनी अर्धा ग्रॅम नवसागर देत राहावा आणि मासे येण्याच्या दोन दिवस आधी तो बंद करून एकदा तपासावे. क्लाउनफिशची छोटी जोडीच प्रथम आणावी, पुढचे मासे महिनाभराने. मुलीला तोवर रोज क्षारता मोजून वहीत लिहायला सांगावे.

मीठ_मोजणारी | १६ मे

वही तिने ८ एप्रिललाच घातली आहे. त्यात पहिल्या पानावर दोन माशांची नावेही लिहून झाली आहेत. जूनमध्ये कळवते.