मदत हवी आहे: आजारी मावशीला काय वाचून दाखवू?
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. नाशिकला शरणपूर रोडजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीला कर्करोग झालाय. रविवारची उपासना कधी न चुकवणारी बाई. भेटायला येणारे काहीजण "विश्वास कमी पडला" म्हणतात, फार राग येतो. बायबलमधला ईयोब नीतिमान असूनही संकटात पडला, तेव्हा त्याच्या मित्रांनीही असाच दोष त्यालाच दिला, आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात देव त्या मित्रांवरच संतापतो! योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात एका जन्मांधाबद्दल प्रभू येशू म्हणतो, पाप ना याचं, ना आईबापांचं. प्रेषित पौलाने प्रभूला तीनदा विनवलं तरी त्याच्या "शरीरातला काटा", म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघाला नाही. हे मला पटतं. पण मावशी विचारते, "मग मीच का?" तिथे शब्दच सुचत नाहीत. बायबलमधलं स्तोत्र ८८, एका दुःखी माणसाची प्रार्थना, वाचू का? ते अंधारातच संपतं, म्हणून धजत नाही. दुखण्यात तुम्हाला कोणत्या वचनाने खरंच धीर दिला? रुग्णाजवळ बसलेल्यांनी जरूर सांगा.