सोव्हिएत युनियनची स्वतःची प्रोग्रॅमिंग लँग्वेज होती का?

कोड_अक्षय:
लोकहो, एक शंका आहे. रॉकेट, अणुभट्ट्या सगळं स्वतःचं उभं केलं या लोकांनी, मग सॉफ्टवेअरचं काय? जिकडे बघावं तिकडे एवढंच लिहिलेलं असतं की अमेरिकन कंपनी आयबीएमची नक्कल केली. सुरुवातीपासूनच नक्कल होती का?

पवईकर:
अजिबात नाही! कीवमध्ये संशोधक लेबेदेव यांचं मेस्म हे कॉम्प्युटर मशीन १९५१ ला कामाला लागलं, आणि तिथेच १९५५ मध्ये कातेरिना युश्चेन्को यांनी अ‍ॅड्रेस लँग्वेज तयार केली. त्यात पत्त्याच्या (मेमरीतल्या खान्याच्या नंबरच्या) आधी एक छोटी रेघ मारायची, एक रेघ म्हणजे त्या खान्यातली किंमत घे, दोन रेघा म्हणजे त्या खान्यात जो पत्ता ठेवलाय तिथे जा आणि तिथली किंमत घे. पॉइंटरच की हो हे, म्हणजे किमतीऐवजी तिचा पत्ता जवळ ठेवणं! आणि आयबीएमची लँग्वेज फोरट्रान आली १९५७ ला. या बाईंचं नाव आपल्या कॉलेजात कुणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे पवई आयआयटीत साठच्या दशकात मिन्स्क-२ हे कॉम्प्युटर मशीन आलं तेही तिकडचंच.

रात्रपाळी:
+१. नोवोसिबिर्स्कला संशोधक येर्शोव्ह यांच्या टीमने एम-२० मशीनसाठी अल्फा ही लँग्वेज केली, अल्गोल ६० ही आधीची लँग्वेज वाढवून, आणि तिचा कंपायलर (प्रोग्रॅमचं मशीनच्या सूचनांत भाषांतर करणारा) कोड ऑप्टिमाइझ करायचा, म्हणजे आटोपशीर आणि वेगवान करायचा, तेही १९६४ च्या सुमारास. पण घोडं पेंड खात होतं ते मशीनपाशी, प्रत्येकाचा इन्स्ट्रक्शन सेट (मशीनला समजणाऱ्या सूचना) वेगळा, एकावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेना, मग साठच्या दशकाच्या शेवटी सरकारने ठरवलं की आयबीएम ३६० शी जुळणारी मशीनं करायची म्हणजे सॉफ्टवेअर आयतं मिळेल. लेबेदेव यांचा विरोध होता. माझ्या मते तो निर्णय चुकलाच, कारण त्यानंतर कायम दुसऱ्याच्या मागून चालणं आलं.

कोड_अक्षय:
भारी माहिती, धन्यवाद दोघांना! रशियन कीवर्ड असलेली एखादी होती का पण?

रात्रपाळी:
होती ना. १९८५ ला शाळांत नववी-दहावीला इन्फर्मेटिक्स सक्तीचं झालं, तेव्हा येर्शोव्ह यांची अल्गोरिदमिक लँग्वेज पुस्तकात आली. 'आल्ग' (अल्गोरिदम) ने सुरुवात, मग 'नाच' (आरंभ), शेवटी 'कोन' (समाप्ती), आणि इफ-देन-एल्सच्या जागी 'येस्ली', 'तो', 'इनाचे'. बऱ्याच शाळांत कॉम्प्युटरच नव्हते, पोरं वहीतच प्रोग्रॅम लिहायची. तीच भाषा आता कुमिर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालते, फुकट आहे, उतरवून बघ.